बाळ-बाळंतीण सुखरूप

हंबीरराव उस्ताद निरोधचा वर्ग घ्यायचे तो अगदी बंदुकीचा घ्यावा तसा. जोतिबाच्या देवळाशेजारच्या तालमीत पंधरा-वीस बाप्ये मांडी घालून बसलेले, आणि समोर उस्ताद ताठ उभे. अंगात इस्त्रीचा पांढरा शर्ट, पायांत फौजेतले कॅनव्हासचे बूट, गळ्यात शिट्टी. पाकीट दोन बोटांत धरून चारी बाजूंना दाखवायचे आणि फौजी हिंदीत सुरू करायचे, "पहले नाम, फिर काम, फिर खोलना, फिर लगाना." कुणी खिदळलं की शिट्टी. "हसायला काय झालं रं? हत्यार हाय हे. हत्याराला हसणारा पैला मरतो." शेवटी ते "कोई शक?" म्हणून गरजायचे, आणि पलटणीतून पेन्शनीवर आलेले निम्मे गडी सवयीनं ओरडायचे, "नहीं उस्ताद!" शंका तर सगळ्यांच्या पोटात असायच्या. त्या दुसऱ्या दिवशी त्यांच्या बायकांकडून माझ्याकडं यायच्या.

माझं नाव क्रांती. आमच्या भागाला चळवळीचं वेड, म्हणून वडिलांनी हौसेनं हे नाव ठेवलं आणि पुढं जन्मभर मला 'सिस्टर' एवढीच हाक मिळाली. सरकारी नर्स होते. निम्मी नोकरी जत भागात वाड्यावस्त्या तुडवण्यात गेली, शेवटची काही वर्षं इथं कडेगाव तालुक्यात. गावाचं नाव सांगत नाही. सांगितलं तर उद्या चार जण दारात भांडायला येतील, आणि मीही काही गप्प बसणाऱ्यातली नाही. ऊस आणि फौज हे गावाचे दोन धंदे, एवढं कळलं तरी पुरे.

निवृत्त झाले आणि घरी बसून मला कंटाळा आला. तेवढ्यात साताऱ्याची एक संस्था 'जोडी' नावाचा प्रकल्प घेऊन आली. पैसा बाहेरचा, युरोपातल्या एका थंड देशाच्या सरकारनं दिलेला. त्यांचं म्हणणं असं, की पाळणा लांबवायचा, थांबवायचा, बाईची तब्येत सांभाळायची, तर नुसत्या बायकांना गोळा करून भागत नाही. घरात निर्णय जो करतो त्याच्याशी बोला. मी म्हटलं, बरं झालं बाई, कुणाच्या तरी डोक्यात उजेड पडला. बायकांकडं मला नेमलं. पुरुषांकडं कोण, तर मुलाखतीला हंबीरराव आले. पलटणीत रंगरुटांना कवायत शिकवायचे, म्हणून गावात सगळे त्यांना उस्तादच म्हणतात. त्यांना विचारलं, असल्या विषयावर पुरुषांशी बोलायला लाज नाही वाटणार? ते म्हणाले, "लोकांची पोरं चालायला शिकवली म्या, साहेब. ह्यांची बी चाल सुधारतो." त्यांना तिथंच घेतलं.

आणि माणसानं काम केलं, खोटं कशाला बोलू? पहिल्या वर्षी गावानं चेष्टा केली. स्कूटरवरून निघाले की पोरं मागनं "फुगेवाले उस्ताद" म्हणायची. त्यांनी मान वळवली नाही. साखर कारखान्याच्या गाडीतळावर गेले, सलूनमध्ये गेले, दूध डेअरीच्या रांगेत उभे राहून बोलले. 'ऑपरेशन केलं की गड्याची ताकद जाते' म्हणणाऱ्याला त्यांनी तालमीत नेऊन एका नसबंदी केलेल्या गड्याबरोबर पंजा लढवायला लावला. तो हरला आणि गप्प बसला.

बाहेर असे बोलके, पण घरात उस्ताद मुके. लोका सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण, ही म्हण कुणी तरी त्यांना बघूनच केली असावी. सुनेशी सासऱ्यानं समोरासमोर बोलायचं नाही ही त्यांच्या घरची रीत. सून शिवांजली, बारावी झालेली, गुणाची पोर. तिला काही सांगायचं असलं की उस्ताद गोठ्याच्या तोंडाशी उभे राहून म्हशीला सांगायचे, "आज पाव्हणं हायत, चार भाकरी जादा लागतील गं." म्हैस रवंथ करत राहायची आणि आत शिवांजली पीठ मळायला घ्यायची. मी एकदा म्हटलं, "उस्ताद, तालुक्याला समानता शिकवता, आणि सुनेपेक्षा म्हशीला जवळची मानता?" ते हसले. "सिस्टर, म्हैस उलट बोलत न्हाई."

त्यांची दुसरी रीत मात्र हसण्यावारी नेण्यासारखी नव्हती. ती एकट्या त्यांची नाही, आमच्याकडच्या सगळ्या फौजी घरांची आहे. ड्युटीवरच्या माणसाला वाईट कळवायचं नाही. आजी गेली तर 'जरा आजारी हाय' म्हणायचं, बैल मेला तर विकला म्हणायचं, बायको दवाखान्यात असेल तर माहेरी गेलीय म्हणायचं. हत्यार हातात असलेल्या माणसाचं मन घरात अडकलं तर तो तिकडं चुकेल, आणि तिकडची चूक म्हणजे जीव. यात प्रेम आहे, मी नाही म्हणत नाही. पण दोन-तीन पिढ्या हेच केल्यावर गावात असे पुरुष तयार झाले, ज्यांना आपल्या घरात काय काय घडून गेलं याचा पत्ताच नाही.

शिवांजलीचं दुसरं बाळंतपण दिवाळीच्या आधी झालं. पहिली मुलगी प्रांजल, ती सिझरनंच झालेली. दुसऱ्या वेळी वार खाली आली होती, सकाळी भांडी घासताना अंगावरून जायला लागलं. मी तिच्याबरोबर रुग्णवाहिकेत होते. कडेगावात ठेवून घेतलं नाही, सांगलीला पाठवलं. तिथं पोट पुन्हा उघडलं. मुलगी झाली. शिवांजलीला रक्ताच्या बाटल्यांवर बाटल्या चढत होत्या आणि तरी ओठ पांढरेच. डॉक्टर बाहेर येऊन म्हणाले, "पिशवी वाचवली आहे, पण आत फार चिकटलंय. तिसरं मूल नको. राहिलं तर ही वाचेल असं मी सांगू शकत नाही. आत्ताच नळ्या बांधू का?"

उस्तादांच्या बायकोनं, विजयमाला वहिनींनी, मान हलवली. "आत्ता नगं. दोन्ही पोरीच हायत. त्येला येऊंदे." उस्ताद म्हणाले, "धैर्यशील आल्यावर ठरवू." धैर्यशील त्यांचा एकुलता एक मुलगा, फौजेत नाईक, तेव्हा पार वर बर्फात. तेवढ्यात त्याचाच फोन आला. उस्ताद व्हरांड्याच्या टोकाला गेले, घसा साफ केला आणि कवायतीच्या आवाजात म्हणाले, "मुलगी झाली. बाळ-बाळंतीण सुखरूप." आत शिवांजली शुद्धीवर नव्हती. मला म्हणाले, "सिस्टर, त्येला काय कळता कामा नये." मी तेव्हाच सांगितलं, "मी आपण होऊन फोन करणार नाही. पण त्यानं समोर येऊन विचारलं, तर खोटं बोलणार नाही."

वाचली पोर. पण अंगात रक्त धरेना. तांबी बसवली तर पाळीत इतकं जायला लागलं की काढावी लागली. आता धैर्यशील चैत्रात, जोतिबाच्या यात्रेला, महिन्याच्या सुट्टीवर येणार होता. आमच्याकडं फौजी सुट्ट्या यात्रेलाच घेतात. विजयमाला वहिनी नातवाचं बोलायला लागल्या होत्या. त्यांचं एकच पालुपद, "फौजेच्या घरात एकच पोर म्हंजे एका खिळ्यावर टांगलेलं घर. नातू पायजे." वहिनी दुष्ट नव्हेत. डॉक्टरचं बोलणं त्यांनी ऐकलं होतं, पण डॉक्टर घाबरवतातच असं त्यांचं मत. तर प्रश्न एवढाच होता, की ह्या सुट्टीत शिवांजलीला दिवस राहिले तर ती पुढची दिवाळी बघणार का. आणि ज्याला हा प्रश्न पडायला हवा, त्याला तो ठाऊकच नव्हता.

मी तिला म्हटलं, "इंजेक्शन घे. कुणाला कळणार नाही." तर ती म्हणाली, "चोरून कशाला, सिस्टर? मी काय चोरी केलीया? आणि दर सुट्टीला चोरीच करत ऱ्हाऊ का?"

"मग नवऱ्याला सांग."

"मी सांगितलं तर आमचं सासरं, आप्पा, खोटं ठरत्यात. ह्ये महिनाभरानं जातील परत. मला ऱ्हायाचं हाय आप्पांच्याच घरात. ज्येनी खोटं सांगितलं त्येनीच खरं सांगावं."

पोरीचं म्हणणं मला पटलं आणि तिच्यासाठी भीतीही वाटली.

त्याच हिवाळ्यात त्या थंड देशातून लीना नावाच्या बाई आमचं काम बघायला आल्या होत्या. उंच, साध्या, भाकरी मोडून खाणाऱ्या. तालमीत पुरुषांची बैठक भरली. साताऱ्याच्या संस्थेतल्या एका मुलीनं त्यांचं बोलणं मराठीत सांगितलं. त्यांनी एकच विचारलं, "बायकोच्या बाळंतपणात काय काय झालं, हे तुमच्यातलं कोण सांगू शकेल?" कुणी हात वर करेना. मग आकाराम नावाचा ट्रॅक्टरवाला उठला आणि म्हणाला, "सुखरूप झालं जी." दुसरा उठला, तोही तेच म्हणाला. सगळ्यांचं एकच उत्तर. लीनाबाईंनी काही टीका केली नाही, वहीही काढली नाही. नुसतं म्हणाल्या, "मग आज घरी जाऊन विचारा."

उस्तादांनी तो हुकूमच केला. प्रत्येक गावात, प्रत्येक बैठकीला. "घरी जायाचं, बायकोम्होरं बसायचं, इचारायचं. पुढच्या बैठकीत उभं राहून सांगायचं. गैरहजर चालणार न्हाई." पहिल्यांदा मला वाटलं, कोण विचारतंय? पण गडी विचारून आले. तोच आकाराम पुढच्या खेपेला उभा राहिला आणि सांगायला लागला, की त्याचं थोरलं पोर उसाच्या फडाकडेला, ट्रॉलीच्या सावलीत झालं, बायको एकटी होती, नाळ तिनंच विळ्यानं कापली. तो तेव्हा कारखान्यावर रांगेत होता. सांगताना रडला. बाकीचे खाली बघत बसले. उस्ताद त्याच्या पाठीवर हात ठेवून उभे होते, आणि मी दारातून बघत होते. मला उस्तादांचा अभिमान वाटला आणि त्याच क्षणी इतका राग आला की हातातला स्टीलचा डबा त्यांना फेकून मारावा. गावाला विचारायला लावतोस बाबा, आणि स्वतःच्या पोराला?

फाल्गुनात साताऱ्याहून निरोप आला. एप्रिलअखेर प्रकल्प बंद. त्या देशानं बाहेर द्यायची मदत कापली. त्यांच्या शेजारी लढाई पेटली, त्यांना आपलं सैन्य वाढवायचं होतं. लीनाबाईंनी व्हिडिओ कॉल केला, माफी मागितली, त्यांचे डोळे भरलेले दिसत होते. त्यांचा काय दोष? पण मी बोललेच, "बाई, वाढू नका एक वेळ, पण जेवणाऱ्याच्या पुढचं ताट ओढू नये." साताऱ्याच्या मुलीनं ते किती भाषांतर केलं कुणास ठाऊक. उस्ताद मात्र शांत होते. म्हणाले, "फौजेला पैसा लागतोच, सिस्टर. मी फौजीच हाय, मी काय बोलू?"

"ते राहू द्या," मी म्हटलं. "यात्रा पंधरवड्यावर आली. धैर्यशीलला कधी सांगणार?"

"बघू."

"बघू म्हणजे? इतर बाप्यांना शिट्ट्या मारून उभं करता. स्वतः कधी उभं राहणार?"

ते स्कूटरची डिकी उघडून निरोधची खोकी लावत होते. तशीच लावत राहिले. डिकी बंद करून म्हणाले, "पोरगा मला फौजेतला माणूस मानतो, सिस्टर. उस्तादाचा शब्द म्हंजे शब्द. त्येला कळलं की आप्पा धडधडीत खोटं बोलले, तर परत वर गेल्यावर माझ्या कुठल्याच शब्दावर इस्वास ठेवंल का? मी 'सगळं बरं हाय' म्हणंन, आणि तो तिथं उभा राहून इचार करंल, की घरात कोण मेलं."

हे ऐकून माझा राग ओसरला. गेला नाही, ओसरला. मी एवढंच म्हणाले, "सून गेली तर काय कळवाल? माहेरी गेलीय म्हणून?"

धैर्यशील आला. उंचपुरा, बापासारखाच ताठ, पोरींना खांद्यावर घेऊन गावभर हिंडला. यात्रा झाली, पालखी झाली, कुस्त्या झाल्या. विजयमाला वहिनींनी जोतिबाला नवस बोलला, तोही सुनेला शेजारी उभी करून. शिवांजली हात जोडून उभी राहिली. आणि यात्रेनंतर उस्तादांनी शेवटची बैठक ठेवली. सुट्टीवरचे सगळे फौजी बोलावले. मला वाटलं, समारोप करतील, नारळ देतील आणि सुटतील.

तालीम गच्च भरली. उस्तादांनी नेहमीचा वर्ग घेतलाच नाही. लीनाबाईंचा प्रश्न विचारला. एक-दोघे बोलले. मग मागून कुणी तरी चिमटा काढला, "उस्ताद, तुमच्या नाईकसाहेबाला बी इचारा की." हशा पिकला. धैर्यशील हसत उभा राहिला, हात मागं बांधून. "आमच्यात काय लपवाछपवी न्हाई. दोन्ही येळंला मी ड्युटीवर. दोन्ही येळंला फोनवर आप्पांनी सांगितलं. बाळ-बाळंतीण सुखरूप."

"बस खाली," उस्ताद म्हणाले.

तो बसला. उस्तादांनी गळ्यातली शिट्टी काढून खिशात टाकली. मी इतकी वर्षं त्यांना बघते, पण त्यांचा आवाज इतका बारीक झालेला कधी ऐकला नव्हता.

"सुखरूप नव्हती," ते म्हणाले. "मी खोटं बोललो. तुज्याशी मी फोनवर बोलत हुतो, तवा तुजी बायको आत मरायला टेकली हुती. तिच्या अंगात दुसऱ्याचं रक्त घालत हुती. डॉक्टर म्हणाला, तिसरं ऱ्हायलं तर वाचणार न्हाई. तिथंच नळ्या बांधतो म्हणाला, तर आमीच नगं म्हटलं. तुजी आई म्हणाली आणि मी हो म्हटलं. ह्या पोरीला कुणी इचारलं न्हाई. तुला कुणी सांगितलं न्हाई. आणि मी हितं उभा राहून ह्या सगळ्यांस्नी शिकवत हुतो."

धैर्यशील उठला. मला वाटलं, बापाला काही बोलेल. तो माणसांच्या पायांवरून वाट काढत बाहेर गेला. उस्ताद उभेच होते. मग आकाराम उठला आणि त्यांना हाताला धरून खाली बसवलं.

घरी काय झालं ते शिवांजलीनं मला सांगितलं. नवरा तडक गोठ्यात आला, ती धार काढत होती. त्यानं विचारलं, "मला का सांगितलं न्हाईस?" ती म्हणाली, "तुमी कवा इचारलंसा? फोनवर म्हणायचा, 'बरी हायस न्हवं?' ते इचारणं न्हवं. उत्तर तुमीच देत हुता, मी नुसतं व्हय म्हणत हुते." मग तिनं चरवी बाजूला ठेवली आणि त्याला सगळं सांगितलं. किती रक्त गेलं, भीती कशी वाटली, पहिल्या मुलीचं नाव आठवेना तेव्हा काय वाटलं. तो म्हशीच्या दावणीवर बसून ऐकत होता. मध्येच तो उठून म्हशीपुढं वैरण टाकायला लागला, म्हणाली. माणसं मरताना बघितलेला गडी, पण हे ऐकवेना.

तीन-चार दिवस तो बापाशी बोलला नाही. एकाच पंगतीला जेवायचा, मान खाली. मग एका सकाळी माझ्या दारात उभा राहिला. "सिस्टर, ते पुरुषाचं ऑपरेशन. त्येनं मेडिकल कॅटेगरी खाली जाती, बढती अडती म्हणत्यात पलटणीत. खरं काय?" मी म्हटलं, "मला कळतं तेवढं मी सांगते, शरीराला काही होत नाही. पण नोकरी तुझी आहे, तुझ्याच डॉक्टरांना विचार." त्यानं माझ्या अंगणातूनच पलटणीच्या दवाखान्यातल्या दोस्ताला फोन लावला. पलीकडून मोठ्यांदा हसण्याचा आवाज आला. "अरे भाई, मैंने खुद करवाया है." संपला विषय.

सरकारी दवाखान्यात बिनटाक्याची नसबंदी होते, फुकट होते, त्याला परदेशी पैसा लागत नाही. लागतो तो माणूस तिथवर चालत जायला. मी त्याच्याबरोबर गेले. विजयमाला वहिनींनी आदल्या दिवसापासून चूल पेटवली नव्हती. "माज्या वंशाला कात्री लावतायसा," असं मला तोंडावर म्हणाल्या. धैर्यशील त्यांच्यापुढं बसला आणि म्हणाला, "आई, मला दोन पोरी हायत. त्येंची आई पायजे मला." वहिनी रडल्या, पण अडवलं नाही. दवाखान्यातून आम्ही दुपारच्या चहाला परत. शिवाय सांगायचं म्हणजे, तीन महिने निरोध वापरायचा, नंतर तपासणी करायची, हे मी त्याला बजावलं, तर तो म्हणाला, "म्हाईत हाय. गेल्या सुट्टीत आप्पांचा वर्ग ऐकलाय." बापाचं नाव त्यानं त्या आठवड्यात पहिल्यांदा घेतलं ते तेव्हा.

जायच्या दिवशी कडेगावच्या स्टँडवर उस्ताद सोडायला आले होते. धैर्यशील पाया पडला. म्हणाला, "आप्पा, हितनं फुडं जे हाय ते सांगा. मी उभा राहीन. न्हाई सांगितलं तर मात्र मला झोप लागणार न्हाई." उस्तादांनी नुसती मान हलवली. गाडी गेल्यावर त्यांनी सॅल्यूट केला, तोही चुकीच्या हातानं. मी बघितलं न बघितल्यासारखं केलं.

एप्रिल संपला. तालमीवरची 'जोडी'ची पाटी साताऱ्याहून माणसं येऊन घेऊन गेली. उरलेली खोकी आम्ही आरोग्य केंद्रात दिली. आणि मे महिन्यात एका दुपारी मी उस्तादांच्या घरी गेले, शिवांजलीच्या रक्ताच्या गोळ्या घेऊन; दिवस राहिले नव्हते, पण रक्त अजून कमीच होतं. ती मुलींना घेऊन माहेरी गेली होती, यावेळी खरोखरच. वहिनी सोप्यात मेथी निवडत बसल्या होत्या. माझ्याशी हल्ली जेवढ्यास तेवढंच बोलायच्या. तरी चहा टाकला. उस्ताद खांबाला टेकून बसले होते. काम संपल्यापासून त्यांना हात कुठं ठेवावेत ते कळत नसे.

थोड्या वेळानं ते एकदम म्हणाले, "सिस्टर, म्या सगळ्या गावाला इचारायला लावलं. माझं तेवढं ऱ्हायलंय." आणि बायकोकडं वळले. "धैर्यशीलच्या येळंला मी आसामात हुतो. काय झालं हुतं गं तवा?"

वहिनींनी मेथीची काडी मोडली. "त्येच्या येळंला काय न्हाई झालं. सोपं झालं."

"बरं झालं," उस्ताद म्हणाले, आणि त्यांचा जीव हलका झालेला मला दिसला.

"दुसऱ्या येळंला झालं," वहिनी म्हणाल्या.

उस्तादांना कळलं नाही. मलाही नाही. त्यांना एकच मुलगा, हे साऱ्या गावाला ठाऊक.

"कारगिलच्या साली. तुमी सुट्टी संपवून गेलासा आणि मला दिवस ऱ्हायलं. तुमाला कळवायच्या आदी लढाई लागली. मामंजी म्हणाले, आता कळवायचं न्हाई, परत आला की पोरच दावू त्येला." त्या मेथीकडंच बघत बोलत होत्या. "माज्या म्हायेरी पोरगी झाली. दिवस मावळंपातूर हुती. मग मला मिरजेला न्हेलं, पिशवी काडली. तुमी आलासा तवा मामंजींनी तुमाला अपेंडिस सांगितलं. तुमी बी म्हणालासा, 'आता बरी हायस न्हवं?'"

उस्तादांची नजर वहिनींच्या पोटाकडं गेली. इतक्या वर्षांचा संसार, ऑपरेशनची ती खूण त्यांनी रोज बघितली असणार. एकच मूल का, म्हणून देवाला बोल लावताना मी त्यांना कितीदा ऐकलं आहे. आणि वहिनी नातवासाठी का जीव टाकत होत्या, ते मला त्या दिवशी कळलं. मला त्यांच्यावर केलेल्या रागाची लाज वाटली.

"मला का न्हाई..." उस्ताद म्हणाले.

"पैल्यांदा मामंजींच्या धाकानं. फुडं म्हटलं, इचारतील कवा तरी. तुमी इचारलं न्हाईसा. मग मुरून गेलं."

चुलीवर चहा उतू गेला, कुणी उठलं नाही. मग उस्ताद खांब सोडून पुढं सरकले, बायकोच्या अगदी समोर, मांडी घालून बसले. तालमीत ते सगळ्यांना तसंच बसायला लावायचे.

"नाव ठेवलं हुतं का?"

"बारसं कुठलं व्हायला? म्या मनात ठिवलंय. तुमच्या आईचं. बनू."

उस्तादांच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहत होतं आणि ते पुसायचं त्यांना सुचत नव्हतं. "दिसायला कशी हुती?" त्यांनी विचारलं.

वहिनींनी मेथीची पाटी बाजूला सारली आणि सांगायला लागल्या. मी चहाचं भांडं उतरवून ठेवलं, गोळ्या कोनाड्यात ठेवल्या आणि कुणाला न सांगता बाहेर पडले. दार मागनं ओढून घेतलं.